बास्क भाषेत पत्ता कसा विचारावा: मराठी प्रत्ययांच्या आधाराने पहिले धडे

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशात, बिल्बो (स्पॅनिश नाव बिल्बाओ) किंवा दोनोस्तियाला (स्पॅनिश नाव सान सेबास्तियान) शिकायला, नोकरीला किंवा फिरायला जाणार असाल, तर थोडी बास्क, म्हणजेच एउस्कारा, जरूर शिकून जा. तिथे सगळ्यांना स्पॅनिश येते, काम अडत नाही. पण रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात, आणि पत्ता एउस्कारात विचारला की बोलणे वेगळ्याच आपुलकीने सुरू होते. या भाषेचे जगातल्या कुठल्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, म्हणून लोक बिचकतात. मराठी माणसाने बिचकू नये. शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावायची सवय आपल्याला जन्मापासूनची आहे.

आधी चार प्रत्यय. शब्दांची यादी पाठ करायची घाई नको. ‘एचे’ म्हणजे घर, एवढा एकच शब्द घ्या:

एचेआन – घरात
एचेरा – घराकडे, घरी (जाणे)
एचेतिक – घरातून
एचेको – घरचा, घरची, घरचे

शहरांनाही हेच लागते: बिल्बोन, बिल्बोरा, बिल्बोतिक, बिल्बोको. नाव व्यंजनाने संपत असेल तर उच्चारासाठी थोडा बदल होतो. इरुन या गावाचे इरुनेन, इरुनेरा, इरुन्दिक, इरुन्गो होते. एउस्कारात नामाला लिंग नाही, त्यामुळे ‘पुनेकोआ नाइस’ हे ‘मी पुण्याचा’ही आणि ‘मी पुण्याची’ही.

मग प्रश्न. प्रश्नार्थक शब्दांतही तेच प्रत्यय ऐकू येतील. नोन (कुठे), नोरा (कुठे, कुणीकडे), नोन्दिक (कुठून), नोन्गोआ (कुठला). वाक्य असे: ‘बार्कातु, नोन दागो गेल्तोकिआ?’ म्हणजे माफ करा, स्टेशन कुठे आहे? दागो म्हणजे ‘(एखाद्या जागी) आहे’. ‘मी आहे’ला नागो, अनेकवचनाला दाउदे. ‘बिल्बोन नागो’चा क्रम तर थेट ‘बिल्बोत आहे मी’ असाच.

आता जागांची नावे. कालेआ (रस्ता), सुबिआ (पूल), प्लासा (चौक), ओन्दार्त्सा (समुद्रकिनारा), उदालेचेआ (नगरपालिका), आसोका (बाजार), एलिसा (चर्च), कोमुना (स्वच्छतागृह). स्पेनच्या बाजूला लिखाणातला ‘ह’ बहुतेक उच्चारत नाहीत, म्हणून लिहिताना होन्दार्त्सा, म्हणताना ओन्दार्त्सा. त्यातला ‘त्स’ आपल्या ‘चाक’मधल्या च सारखा, तर एचेमधला च ‘चहा’तला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. गेल्तोकिआमधला शेवटचा ‘आ’ हा ‘ते अमुक’ असा निश्चितपणा दाखवणारा जोड आहे, मूळ शब्द गेल्तोकि. ‘स्टेशनकडे’ म्हणताना तो गळतो: गेल्तोकिरा, गेल्तोकिआरा नव्हे. ‘स्टेशनात’ म्हणताना मात्र टिकतो: गेल्तोकिआन. ओन्दार्त्सा आणि प्लासा यांचा ‘आ’ मुळातलाच, म्हणून ओन्दार्त्सारा, प्लासारा. नवा शब्द शिकताना मूळ रूप वहीत शेजारी लिहूनच ठेवा.

समोर, मागे, शेजारी. आउर्रेआन, आत्सेआन, ओन्दोआन. आधीच्या नामाला ‘-आरेन’ लावायचे, आपल्या ‘-च्या’सारखे. गेल्तोकिआरेन आउर्रेआन: स्टेशनच्या समोर. एलिसारेन आत्सेआन: चर्चच्या मागे. इंग्रजीत हा क्रम उलटा होतो, म्हणून या भाषेची वाक्ये मनातल्या मनात मराठीतूनच जुळवा.

उत्तर समजून घेणे. सांगणारा बहुधा असे म्हणेल: सेगि सुसेन (सरळ जा), आर्तु बिगार्रेन कालेआ एस्कुइनेरा (दुसरा रस्ता उजवीकडे घ्या), गुरुत्सातु सुबिआ (पूल ओलांडा). डावीकडे म्हणजे एस्केर्रेरा. एस्केर आणि एस्कुइन नव्या कानाला सारखेच वाटतात. एस्कु म्हणजे हात, आणि तो ज्या शब्दात ऐकू येतो ती उजवी बाजू, असे लक्षात ठेवा. उर्रुन म्हणजे लांब, गेर्तु म्हणजे जवळ, ओइनेस म्हणजे पायी. इथे एमेन, तुमच्याजवळ तिथे ओर, दोघांपासून दूर तिकडे आन.

सरावासाठी दोनोस्तियाचा नकाशा उघडा. मोठ्या रेल्वे स्टेशनसमोर उरुमेआ नदी आहे, तिच्यावर १९०५ सालचा मारिया क्रिस्तिना पूल, आणि पलीकडे शहराचा मध्यभाग. स्टेशनपासून कोन्चा किनाऱ्यापर्यंतची वाट गेल्तोकितिक, सुबिआ, सुसेन, ओन्दार्त्सारा हे शब्द वापरून मोठ्याने सांगा. पाट्यांवर रस्त्याचे नाव आधी आणि ‘कालेआ’ नंतर दिसेल, आपल्या ‘लक्ष्मी रस्ता’सारखे.

हे सगळे १९६८ पासून घडत गेलेल्या प्रमाण एउस्काराप्रमाणे आहे. बिल्बोच्या बाजूला ‘एस्कुइनेरा’ऐवजी ‘एस्कुमारा’ कानावर पडले, तरी उजवीकडेच वळा, आणि निघताना ‘एस्केर्रिक आस्को’ म्हणून आभार माना.