रॉकर टर्न: छाती चपलेकडे ठेवा

रॉकर म्हणजे स्केटिंगमध्ये एकाच पायावर, चालत्या वेगात, सरळचं उलटं होण्याचं एक वळण. त्याची सोपी भावंडं दोन: थ्री टर्न (वर्तुळाच्या आतल्या बाजूला वळणं) आणि ब्रॅकेट (बाहेरच्या बाजूला वळणं). ती दोन्ही पायांवर स्वच्छ येत असतील, तरच रॉकरच्या वाटेला जा. मी तो फोंड्यात, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, चार चाकांच्या स्केट्सवर शिकलो. बर्फावर पातं असतं, इथे चाकं. वळणाची आखणी तीच. पावसाळ्यात लादीला घाम सुटला असेल त्या दिवशी स्केट्स पिशवीतच राहू द्या.

सुतळी आणि खडूने 6 मीटर व्यासाची दोन वर्तुळं काढा, एकमेकांना टेकलेली, इंग्रजी आठासारखी. उजव्या पायाच्या बाहेरच्या एजवर, म्हणजे पाय बाहेरच्या कडेवर कलवून, घड्याळाच्या दिशेने पहिल्या वर्तुळावरून या. दोन्ही वर्तुळं टेकतात तिथे थ्री टर्नच्याच दिशेने वळा आणि उलटे जात दुसऱ्या वर्तुळावर निघा. थ्रीमध्ये एज बदलते, वर्तुळ तेच. रॉकरमध्ये वर्तुळ बदलतं, एज नाही.

माझं घोडं इथेच अडलं, तेही वर्षभर. पुढे दुसऱ्या वर्तुळावर जायचंय हे अंगाला आधीच ठाऊक असतं, म्हणून ते वळणाच्या हातभर अलीकडेच तिकडे कलतं. मग एज आतली होते आणि आपण करतो तो चक्क ब्रॅकेट. कलायला उशीर झाला, तर थ्री. बघणाऱ्याला फरक कळतो, आपल्याला नाही. मागून मोबाइलवर घोट्याचं चित्रण केलं तेव्हा माझा भ्रम फुटला.

‘खांदे झोकून द्या, पाय आपोआप येतील’ असं मला सांगितलं गेलं होतं. ऐकू नका. झोकलेले खांदे वळणानंतरही फिरतच राहतात आणि एज खातात. त्याऐवजी पहिल्या वर्तुळाच्या मध्यावर एक चप्पल ठेवा. वळण येण्याआधीच छाती त्या चपलेकडे करा आणि वळताना, वळून झाल्यावरही, तिकडेच ठेवा. फिरायचं ते कमरेखाली. आधी रेलिंग धरून, जागेवर, एका पायावर हे शंभरदा करा. कंटाळा येईल, येऊ दे.

गुडघ्याचं गणित सोपं: वाकवा, वळताना उठा, लगेच परत वाकवा. वजन पंजाच्या गादीवर. पाय कलतच नसेल तर ट्रकचा, म्हणजे चाकांची जोडी बुटाखाली धरणाऱ्या भागाचा, मधला नट पाव फेरा सैल करा, जास्त नाही. चाकाचा नट नव्हे.

‘हळू करा’ हाही सल्ला मला पटत नाही. फार हळू गेलात की चाकं खरडतात आणि तोल जातो. दोन-तीन दमदार ढकल्या घेऊनच या.

निघाल्यावर तीन मोजेपर्यंत एज धरा. डाव्या पायाला वेगळे दिवस द्या, तो रुसतो.

काउंटर, म्हणजे रॉकरसारखंच पण उलट्या बाजूने फिरायचं वळण, हवा असेल तर चप्पल उचलून दुसऱ्या वर्तुळाच्या मध्यावर ठेवा, आणि वळताना अंग उलट दिशेने फिरवा.