एआयच्या वहीत टिपणं जोडायची कशी: आधी नावं, मग दुवा

बेळगाव आणि आसपासच्या गावांबद्दलची माझी सगळी टिपणं गेली तीन वर्षं एआयची जोड असलेल्या नोट्स ॲपमध्ये आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, मराठी-कन्नड वर्तमानपत्रांची कात्रणं, वाचनालयात बसून उतरवलेले परिच्छेद, हलशीच्या देवळात बसल्याबसल्या सुचलेलं एखादं वाक्य, सगळं तिथंच. एखाद्या गावच्या साहित्य संमेलनात बोलायचं असो की दिवाळी अंकासाठी लिहायचं असो, मजकूर त्यातूनच निघतो. म्हणून ‘सगळं ॲपमध्ये ओता, एआय आपोआप जोडून देईल’ असा सल्ला कुणी दिला की मला राहवत नाही. असं ओतून काही जोडलं जात नाही, नुसता ढीग वाढतो. जोडायचं कसं ते सांगतो.

ॲप

दोनच ठेवा. लिहायला ऑब्सिडियन, विचारायला नोटबुकएलएम. पहिल्यात टिपणं साध्या मजकुराच्या फायली म्हणून तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात, उद्या ॲप बंद पडलं तरी वाचता येतात. दुसरं तुम्ही दिलेल्या स्रोतांवरून उत्तर देतं आणि उत्तरातल्या संदर्भाच्या आकड्यावर बोट ठेवलं की मूळ उतारा उघडतं. पाच ॲप आलटूनपालटून वापरणाऱ्यांची टिपणं पाच ठिकाणी पडून राहतात, हे मी जवळून बघितलंय.

टिपण आत घेणं

कात्रणाचा फोटो घ्या, मजकूर उचला, दुरुस्त करा. कन्नड कात्रण असेल तर मराठी भाषांतराखाली मूळ कन्नड मजकूरही ठेवा, कारण भाषांतरात सगळ्यात आधी नावं बिघडतात.

आवाजावरून मजकूर उतरवून घेताना तेवढं जपा. आमच्याकडचा माणूस ‘काय करूलास’, ‘मी येऊलोय’ असं बोलतो. यंत्र त्याचं एकतर ‘काय करू लास’ असं तोडून ठेवतं, नाहीतर पुणेरी ‘काय करतोस’ करून मोकळं होतं. दुसऱ्या चुकीचा धोका जास्त, कारण ती दिसत नाही. वाक्याच्या मध्येच कन्नड सुरू झालं तर त्या तुकड्याचा भरवसा धरू नका, स्वतः ऐकून लिहा. मूळ ध्वनिफीत कधीही पुसू नका.

एका टिपणात एकच गोष्ट

आणि शीर्षक पूर्ण वाक्याचं. ‘काँग्रेस अधिवेशन’ नको, ‘गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, बेळगावात, १९२४ साली’ असं हवं. सहा महिन्यांनी नुसतं शीर्षक वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे.

नावांची वही

ही पायरी बाकीचे लोक सांगतच नाहीत. मुंबई-पुण्यात बसून सल्ला देणाऱ्यांना तिची गरज पडत नसेल, सीमाभागात मात्र तिच्यावाचून पुढचं सगळं कोसळतं.

इथं एका गावाला एक नाव नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, आमच्या तोंडी बेळगाव, जुन्या इंग्रजी कागदांत बेलगाम. निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी, येळ्ळूर-यळ्ळूर-येळूर. हलशी कन्नडमध्ये हलसी, आणि कदंब राजांच्या ताम्रपटांत तीच पलाशिका. तुम्ही ताम्रपटावरचं टिपण ‘पलाशिका’ लिहून ठेवलं आणि देवळाचं टिपण ‘हलशी’ लिहून ठेवलं, तर ॲपच्या दृष्टीनं ती दोन वेगळी गावं आहेत.

माणसांचंही तेच. माझ्याकडं एक गृहस्थ चार नावांनी पसरले होते: गंगाधरराव देशपांडे, गंगाधर राव, हुदलीचे देशपांडे आणि कन्नड कात्रणांतले ‘कर्नाटक सिंह’. चारही एकच. शिवाय नुसतं ‘देशपांडे’ लिहिलेली टिपणं वेगळीच, ती कुणाच्या खात्यावर जाऊन पडतील याचा नेम नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. प्रत्येक गावाचं आणि माणसाचं एक मुख्य टिपण करा. ऑब्सिडियनमध्ये त्याच्या माथ्यावर ‘एलियासेस’ नावाचा रकाना घालता येतो, त्यात बाकीची सगळी रूपं लिहा. मग टिपणात कुठंही दुवा म्हणून दुहेरी चौकोनी कंसात ‘पलाशिका’ टाइप करायला लागलात की ॲप हलशीचं टिपण पुढं करतं. मुख्य नाव कुठलं ठेवायचं यावर वाद घालत बसू नका. तुमच्या जिभेवर असेल ते ठेवा, बाकीची रकान्यात. माझ्या वहीत मुख्य टिपण ‘बेळगाव’ आहे आणि रकान्यात बेळगावी, बेलगाम दोन्ही आहेत. काहीही गळत नाही.

एआयला ‘या टिपणांतल्या नावांची यादी कर’ म्हणून सांगितलं तर यादी भराभर मिळते. कोणतं नाव कुणाचं, हे मात्र तुम्हीच ठरवायचं.

दुवा

इथं मी पुरता फसलो होतो, म्हणून सावकाश सांगतो.

एआय दोन टिपणं ‘जवळची’ म्हणून दाखवतं तेव्हा आत काय होतं, हे आधी समजून घ्या. प्रत्येक टिपणाचं ते आकड्यांच्या एका लांब माळेत रूपांतर करतं. सारख्या अर्थाचा, सारख्या शब्दांच्या सोबतीनं येणारा मजकूर असेल तर त्या माळा एकमेकींच्या जवळ पडतात. म्हणजे यंत्राला कळतं ते सारखेपण. कशामुळं काय घडलं, कोण आधी कोण नंतर, कुणामुळं काय अडलं, हे त्या जवळिकीत नसतं. माणसाला टिपणं जोडायची असतात ती नेमकी याच कारणांनी.

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्याकडं दोन टिपणं होती. एक, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावच्या परिषदेच्या वेळी टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. दुसरं, २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते टिळकवाडीत. तेव्हा वापरत असलेल्या एका ॲपला मी म्हटलं, ही जोडून एक परिच्छेद लिही. त्यानं लिहिलं की १९२४ च्या अधिवेशनात टिळक आणि गांधी एकाच व्यासपीठावर आले. बेळगाव दोन्हीकडं, सभा दोन्हीकडं, एकीकडं ‘टिळक’ तर दुसरीकडं ‘टिळकवाडी’. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की मी ते एका गावच्या संमेलनात जसंच्या तसं वाचलं.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. आवाज न चढवता एवढंच म्हणाले, “टिळक १९२० च्या ऑगस्टात गेले की हो.” हे मला शाळेपासून माहीत होतं. माझ्याच वहीत तिसऱ्या टिपणात १ ऑगस्ट १९२० ही तारीखही होती. ते टिपण कशालाच जोडलेलं नव्हतं, म्हणून कुणीच मला अडवलं नाही. त्या दुपारी जेवण घशाखाली उतरलं नाही.

घरी येऊन ती टिपणं समोर ठेवली आणि एकेक ओळ हातानं लिहिली. तेव्हा खरा दुवा सापडला. टिळक आणि गांधी बेळगावात एकत्र होते ते १९१६ साली. गांधीजी त्या परिषदेला आले होते. आणि दोन्ही प्रसंगांमधला पूल म्हणजे तेच चार नावांचे गृहस्थ. १९१६ मध्ये टिळकांचे खंदे अनुयायी असलेले गंगाधरराव १९२४ मध्ये गांधीजींच्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते. यंत्राला हा पूल दिसणं शक्यच नव्हतं, कारण पहिल्या टिपणात ते ‘हुदलीचे देशपांडे’ होते आणि दुसऱ्यात ‘कर्नाटक सिंह’. नावांची वही आधी करा म्हणतो ते यासाठी.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे आणि तो मी मोडत नाही. दुवा जोडताना त्याशेजारी एक पूर्ण वाक्य लिहायचं: हे टिपण त्या टिपणाला का जोडलं. वाक्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘त्याआधी’, ‘त्याच्यामुळं’ यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे. ‘दोन्ही बेळगावबद्दल आहेत’ हे कारण नव्हे. वाक्य लिहिता येत नसेल तर दुवा जोडायचा नाही. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनावरची माझी अकरा टिपणं बाकी वहीपासून अजून सुटीच आहेत. ॲप त्यांना रोज उसाच्या दराच्या टिपणांशी जोडायला सुचवतं. शेतकरी, दर, रस्ता रोको, शब्द सारखेच आहेत. मला अजून वाक्य सुचलेलं नाही, म्हणून ती तशीच राहू दिली आहेत.

उलट उदाहरणही सांगतो. टिळकवाडीतल्या एका आजींची मुलाखत होती. एका कोरड्या वर्षी त्या घागरी घेऊन कुठं कुठं गेल्या, रांगेत किती वेळ उभ्या राहिल्या, एवढंच त्यात होतं. ॲपनं ती दुष्काळ, टँकर, नळयोजना यांच्यात नेऊन ठेवली. ते चूक नव्हतं. पण आजी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, “काँग्रेस विहिरीचं पाणी गोड.” ती विहीर १९२४ च्या अधिवेशनाला आलेल्या लोकांसाठी खोदलेली, पंपा सरोवर नावाची. मी दुवा जोडला आणि शेजारी लिहिलं: ‘अधिवेशन दोन दिवसांत उठलं, पण त्यासाठी खोदलेल्या विहिरीवर कितीतरी वर्षांनी याच आजींनी घागरी भरल्या.’ त्या एका वाक्यावर पुढं अख्खा लेख उभा राहिला. घागर आणि अधिवेशन यांच्यात सारखं काहीच नाही, म्हणून हा दुवा कुठल्याही ॲपनं मला सुचवला नसता.

मग एआय घ्यायचं कशाला? जोडता येतील अशी उमेदवार टिपणं शोधायला. ऑब्सिडियनमध्ये ‘स्मार्ट कनेक्शन्स’ नावाचं प्लगइन (ॲपला लावायचा जोडभाग) घालता येतं, ते उघड्या टिपणाशेजारी जवळची टिपणं दाखवतं. मी घातलं तेव्हा त्यात मुळात बसवलेलं, जवळीक मोजणारं छोटं मॉडेल इंग्रजीवर पोसलेलं होतं, मराठीत काहीच्या काही दाखवायचं. सेटिंगमध्ये जाऊन बहुभाषिक मॉडेल निवडलं, तेव्हा यादीला अर्थ आला. या यादीतून आठवड्याला पाच-सहा दुवे वाक्यासकट झाले तरी पुष्कळ झाले. निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या क्रमांकांनी जोडल्या, त्या हातानंच. ऑब्सिडियन प्रत्येक टिपण ठिपका म्हणून दाखवतं, पडद्यावर फिरणारं ते ठिपक्यांचं जाळं बघून खूश होऊ नका. ठिपके कितीही दाट झाले तरी त्यावरून एक परिच्छेद लिहिता येत नाही.

विचारणं

दुवे आणि वाक्यं झाल्यावर त्या विषयाची टिपणं नोटबुकएलएममध्ये चढवा. ‘बेळगावचा स्वातंत्र्यलढा सांग’ असं विचारू नका, गुळगुळीत निबंध मिळेल. असं विचारा: ‘१९१६ आणि १९२४ या दोन्ही टिपणांत कोण कोण येतं? प्रत्येक नावापुढं टिपणातली ओळ दे. टिपणात नसेल तर नाही म्हण.’ दुसरा उपयोगाचा प्रश्न: ‘या टिपणांत एकमेकांशी न जुळणाऱ्या तारखा कुठं आहेत?’ हा प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर गुरुजींना उठावं लागलं नसतं. आता कुठल्याही भाषणाआधी तो विचारल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. उत्तरातल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून मूळ उतारा वाचा, सगळे म्हणजे सगळे.

मुलाखत देणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांचा आवाज ऑनलाइन चढवू नका. काहींनी भाऊबंदकीतल्या, जमिनीच्या गोष्टी विश्वासानं सांगितलेल्या असतात. त्या माझ्या कॉम्प्युटरवरच राहतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पेनड्राइव्हवर उतरवून कपाटात जातात.