थर बिघडला की लेसरनं बिघडवला?

सांगलीत पिवळं म्हटलं की हळद. आमच्या प्रयोगशाळेत मात्र पिवळं दिसलं की पोटात गोळा येतो. मिथिलअमोनियम लेड आयोडाइड हे सौर घटांसाठीचं एक पेरोव्स्काइट, म्हणजे ठरावीक स्फटिकरचनेचं द्रव्य. काचेवरचा त्याचा ताजा थर कोऱ्या चहासारखा गडद, जवळजवळ काळा असतो. दमट हवेत, उन्हात किंवा उष्णतेनं तो फुटला की मागं लेड आयोडाइड उरतं, आणि ते पिवळं.

हा बदल लवकर पकडायला आम्ही रामन वर्णपट वापरतो: थरावर लेसर टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशातल्या शिखरांवरून द्रव्य ओळखायचं. यंत्र आमच्याकडे नाही, कोल्हापूरला आठवड्यातून एक वेळ मिळते. पावसाळ्यात अंकली-जयसिंगपूरमार्गे एसटीनं काचपट्ट्या नेताना अर्धा प्रयोग रस्त्यातच उरकतो. म्हणून प्रत्येक पट्टी वेगळ्या झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलचे निळे दाणे, आणि सगळं स्टीलच्या घट्ट डब्यात. हा डबा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, आत शिसं आहे. जिला काहीच केलेलं नाही अशी एक जुळी पट्टी कायम बरोबर ठेवा. प्रवासात काय झालं ते तीच सांगते.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक थरावर 95 सेमी⁻¹ (रामन शिखराची जागा या एककात सांगतात) जवळ टोकदार शिखर बघून वहीत लिहायचे, "छान पेरोव्स्काइट". एके दिवशी यंत्र चालवणारे काका म्हणाले, "मॅडम, जरा डोळा लावून बघा." काळ्या थरावर लेसर जिथं पडला होता तिथं मोहरीहून कितीतरी बारीक पिवळा ठिपका होता. शिखर लेड आयोडाइडचं होतं, आणि ते मीच तयार केलं होतं. चांगल्या थराचा खोलीच्या तापमानाचा वर्णपट दिसायला फारसा देखणा नसतो. 150 च्या खाली पसरट, एकमेकांत मिसळलेले उंचवटे, आणि 200 ते 250 च्या दरम्यान मिथिलअमोनियमचा एक रुंद, मंद फुगवटा. फार सुबक शिखरं दिसली की आधी शंका घ्या.

असं का होतं, त्याचा हिशेब करून बघा. 532 नॅनोमीटरचा लेसर, 0.5 न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरचं (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचं माप) भिंग, म्हणजे ठिपका साधारण 1.3 मायक्रॉनचा. त्यावर 1 मिलीवॅट टाकलंत तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 75,000 वॅट, सूर्यप्रकाशाच्या साडेसात लाख पट! म्हणून फिल्टर लावून नमुन्यापाशी 0.01 मिलीवॅटच्या आसपास या, तेही पॉवर मीटरनं मोजून. पडद्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नका. 785 चा लेसर सौम्य वाटतो, पण या थराची स्वतःची चमक 770-780 नॅनोमीटरजवळच येते आणि पार्श्वभूमी वर चढते. सीझियम लेड ब्रोमाइडचं उलट: त्याची चमक 520-530 ला, तिथं 532 टाळा.

क्रम असा ठेवा. आधी सिलिकॉनच्या 520.7 सेमी⁻¹ च्या शिखरावर यंत्र जुळवा. मग कोरी काच, मग नुसत्या लेड आयोडाइडचा थर. पेरोव्स्काइटवर एकाच जागी, एकाच पॉवरला, सलग दहा वर्णपट घ्या. पहिला आणि दहावा एकमेकांवर ठेवून बघा. 95 चं शिखर वाढत गेलं तर लेसर जाळतोय: पॉवर आणखी कमी करा किंवा फोकस सैल करा. ते पहिल्यापासून तेवढंच असेल, आणि शेजारच्या पाच नव्या जागांवरही सापडत असेल, तरच ते थरातलं. 145 च्या आसपास काही उगवलं तर लेड ऑक्साइडचा संशय घ्या, म्हणजे हवेत बरंच भाजलंय. नायट्रोजन असलेली छोटी पेटी मिळाली तर उत्तमच.

इतक्या कमी पॉवरला संकेत क्षीण असतो, त्यामुळं 150 खाली फणीच्या दातांसारखी बारीक शिखरं डोकावतात. ती हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनची. मी एकदा त्यांवर आठवडा घालवलाय. ट्यूबलाइट बंद करा. एकाच वर्णपटात आलेली एकांडी सुई कॉस्मिक किरणाची.

मुद्दाम बिघडवून बघायचं असेल तर महाग पेटी लागत नाही. बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आर्द्रता 75 टक्क्यांजवळ राहते, मॅग्नेशियम क्लोराइडचं ठेवलं की 33. थर द्रावणाला न टेकवता वर ठेवा, हिऱ्याच्या पेनानं काचेच्या कोपऱ्यात खूण करा, आणि दर वेळी त्या भागात जा पण नव्या ठिकाणी मोजा.

शिखराच्या उंचीवरून "इतके टक्के बिघाड" असं लिहू नका. 532 लेड आयोडाइडच्या शोषणाच्या काठावर पडतो, त्यामुळं ते आहे त्याहून मोठं दिसतं. त्याच पट्टीचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) काढा: 12.7 अंशांवर लेड आयोडाइड, 14.1 वर पेरोव्स्काइट. मिथिलअमोनियमऐवजी फॉर्मअमिडिनियमचा थर असेल तर आणखी जपून, त्याची बिघडलेली डेल्टा अवस्थाही (वेगळी स्फटिकरचना) पिवळीच असते.

वापरलेल्या पट्ट्या आणि हातमोजे चिठ्ठी लावलेल्या बरणीत. बेसिनात काही धुवू नका.