कोणती आवृत्ती पाहिलीत?

सुरुवातीच्या विज्ञानपटांवर अभ्यास करायचा ठरवलं तेव्हा मी थेट १९२७च्या ‘मेट्रोपोलिस’ला हात घातला. तीन आठवडे खपून निबंध लिहिला. त्यात ठासून म्हटलं, की दिग्दर्शक फ्रिट्झ लांगला कामगारांची गर्दी दिसते, त्यातला माणूस दिसत नाही. परीक्षकांनी समासात एवढंच लिहिलं : ‘कोणती आवृत्ती पाहिलीत?’

मी पाहिली होती ती कापलेली. बर्लिनला जानेवारी १९२७मध्ये लागलेला मूळ चित्रपट ४१८९ मीटरचा होता. पुढच्या काही महिन्यांत त्याचा जवळजवळ पाव भाग उडवला गेला. २००८ साली ब्वेनोस आयर्सच्या चित्रपट-संग्रहालयात १६ मिमीची निगेटिव्ह सापडली, आणि २०१०च्या आवृत्तीत सुमारे २५ मिनिटं परत आली. ही दृश्यं चटकन ओळखू येतात, कारण त्यांवर उभ्या ओरखड्यांचा पाऊस पडत असतो. त्या पावसातच ११८११ क्रमांकाचा कामगार नायकाचे कपडे घालून मोटारीत बसतो, खिशातल्या नोटा पाहतो आणि त्याचं मन चळतं. माझ्या निबंधाचा पायाच तिथे खचला.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते, सुरुवात छोट्या चित्रपटापासून करा. जॉर्ज मेलिएसचा १९०२चा चंद्रप्रवास जेमतेम पाव तासाचा आहे. मूकपटांचा वेग ठरलेला नसे, त्यामुळे दोन प्रतींची लांबी जुळली नाही तर गोंधळू नका. एकदा सलग पाहा, मग आवाज बंद करून एकेक फ्रेम पुढे सरकवा. छत्रीचा फटका बसतो, चंद्रवासी गायब, जागेवर नुसता धूर. कॅमेरा थांबवला, नट बाजूला गेला, पुन्हा सुरू केला. यान चंद्रावर दोनदा उतरतं, आधी त्याच्या डोळ्यात आणि मग जमिनीवर. ही चूक म्हणून सोडून देऊ नका. कथा कशी जोडायची हे तेव्हा अजून ठरायचं होतं. असाच कॅमेरा थांबवून-चालवून आपल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपली, हे कळल्यावर मला किती आनंद झाला होता!

पुढे लांगचाच १९२९चा चंद्रपट जरूर पाहा. यान सुटण्याआधीची उलटी मोजणी त्यात आहे, आणि सल्लागार होते रॉकेटशास्त्रज्ञ हर्मान ओबेर्थ.

तो निबंध मी पुन्हा लिहिला. पहिल्याच ओळीत आवृत्तीचं साल टाकलं आणि ११८११ला दोन पानं दिली.