एनबीए ट्रेडचे अंदाज बांधताय? या चुका टाळा

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि ट्रेड म्हणजे तिथल्या संघांनी आपसात केलेली खेळाडूंची अदलाबदल. तिची मुदत फेब्रुवारीत संपते. तो महिना जवळ आला की माझा भाचा वहीची मागची पानं ट्रेडनी भरायला घेतो. २०२५ साली त्याला एकच खूळ लागलं होतं: मायामी संघाचा जिमी बटलर फिनिक्स सन्स या संघात आणायचा. पानावर डावीकडे सन्सचे युसूफ नुर्किच, ग्रेसन अ‍ॅलन, रॉयस ओनील आणि किरकोळीत आणखी एक. उजवीकडे एकटा बटलर. पगारांची बेरीज जुळवून आणली होती पठ्ठ्याने. तरी तो ट्रेड होणंच शक्य नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. संघ पगाराच्या कुठल्या रेषेवर उभा आहे, हे आपण बघतच नाही. २०२४-२५ ला सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मूळ मर्यादा, होती सुमारे १४.०६ कोटी डॉलर आणि 'सेकंड एप्रन', म्हणजे त्याहून बरीच वरची, कडक निर्बंधांची रेषा, १८.८९ कोटींवर. सन्स त्याच्याही वर. तिथे गेलेल्या संघाला तीन-चार पगारांची मोट बांधून एक महागडा खेळाडू घेता येत नाही, आणि जेवढा पगार दिला त्याहून जास्त परत घेता येत नाही. बटलरचा पगार ४.८८ कोटी. एकट्याच्या पगारावर हा सौदा पेलतील असे सन्सकडे तिघेच: ड्युरंट, बुकर आणि ब्रॅडली बील.

मग बील द्या की! पण त्याच्या करारात नो-ट्रेड क्लॉज. तो नाही म्हणाला की विषय संपला. शिवाय पुढच्या दोन वर्षांचे त्याचे सुमारे ११ कोटी डॉलर बाकी होते. ते लोढणं मायामीने गळ्यात का घ्यावं? आपल्याला काय हवंय ते सगळेच लिहितात, समोरच्याला काय मिळतंय ते लिहायचं राहून जातं. शेवटी बटलर गेला गोल्डन स्टेटकडे. ते सेकंड एप्रनच्या खाली होते, त्यामुळे अँड्र्यू विगिन्ससोबत आणखी पगार जोडून त्यांनी सौदा बसवला.

ड्राफ्ट पिक्स, म्हणजे दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, खिरापतीसारखी वाटू नका. येत्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचं एकही पिक हातात उरणार नाही, असा सौदा चालत नाही. क्लीव्हलंड संघाचे तेव्हाचे मालक टेड स्टेपियन यांनी ऐंशीच्या दशकात पिक्स उधळली, म्हणून नियमाला त्यांचंच नाव. सन्सनी जानेवारी २०२५ मध्ये आपलं २०३१ चं पिक युटाला देऊन तीन कमी मोलाची पिक्स घेतली. मोठी नोट मोडून सुट्टे केले म्हणा ना.

तारखाही बघा. उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरआधी हलवता येत नाहीत.

ट्रेड जाहीर झाला म्हणून लगेच नाचूही नका. लेकर्सनी शार्लटकडून मार्क विल्यम्सला घेतलं, वैद्यकीय तपासणीत अडलं आणि अख्खा सौदा रद्द झाला.

आणि अफवा म्हणजेच सगळी बातमी असंही समजू नका. बटलरवरून महिनाभर काथ्याकूट चालला होता. डॅलसचा स्टार लुका डॉन्चिच याच्याबद्दल मात्र कुठे चकार शब्द नव्हता. २ फेब्रुवारी, रविवार सकाळ. मी पोह्यांना फोडणी देत होतो. लुका लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसकडे. भाचा फोन घेऊन धावत स्वयंपाकघरात आला.

"मामा, कुणीतरी बातमीदाराचं अकाउंट हॅक केलंय बघ!"