आजोबांच्या ट्रकचं मॉडेल कसं ओळखायचं

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर माझी तीस वर्षं गेली. आता दुकान मुलगा बघतो आणि माझ्याकडे लोक फोटो घेऊन येतात. "काका, हा आमच्या आजोबांचा ट्रक. मॉडेल कुठलं?" दर वेळी तेच सांगायचं, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आरसी बुक सापडलं तर प्रश्नच मिटला. नसेल तर पुढचा बिल्ला बघा. टाटाच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असेल, तर गाडी १९५४ ते १९६९ मधली धरायला हरकत नाही. टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि जर्मनीच्या डाइम्लर-बेंझचा, म्हणजे मर्सिडीजवाल्यांचा, करार तेवढीच वर्षं चालला. पण बिल्ला काय, दोन स्क्रूंचं काम. नव्या गाडीला हौसेने तारा लावलेले मालक मी पाहिलेत.

म्हणून मॉडेलचा आकडा शोधा. १२१० असेल तर मधोमध तोडा: बारा, दहा. पहिला भाग म्हणजे मालासकट गाडीचं एकूण वजन, टनांत. दुसऱ्याला दहाने गुणा, साधारण हॉर्सपॉवर मिळते. म्हणजे बारा टन, शंभर हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे सोळा टन, १३०. १९८६ साली आलेली ४०७ याच हिशोबाची: चार टन, सत्तरच्या आसपास.

एका ठिकाणी मात्र हा हिशोब फसवतो. सुरुवातीची गाडी होती एल ३१२. तोडून वाचलंत तर तीन टन आणि १२० हॉर्सपॉवर! तसं नाही. तो नुसता मर्सिडीजचा डिझाइन नंबर. इंजिनाचं नावही ओएम ३१२. वजन-ताकदीचे आकडे त्यांनी साठच्या दशकात सुरू केले.

आकड्यासोबतची अक्षरंही जर्मनच. एलपीके मधला 'के' किपरचा, म्हणजे डंपर. एलपीओ मधला 'ओ' ऑम्निबसचा. एसई लिहिलं असेल तर गाडीला थोडं नाक असणार, म्हणजे केबिनच्या पुढे आलेलं बॉनेट.

गाडी समोर उभी असेल तर इंजिनाचा नंबर वेगळा वाचा, त्याचा वजनाशी संबंध नाही. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर ९७. मी एकदा "बारा-दहाच्या पिस्टन रिंगा द्या" एवढं ऐकून ६९२ च्या दिल्या. गाडी बारा-दहाच होती, पण आत कुणीतरी ६९७ बसवलेलं. मिस्त्री काळ्या हातांनी परत आला आणि रिंगा काउंटरवर आपटल्या. तेव्हापासून आधी इंजिन विचारतो, मग गाडी.

अशोक लेलँडला ही तोडण्या-गुणण्याची भानगड नाही. विलायतेतल्या मूळ लेलँडला प्राण्यांची नावं ठेवायची खोड होती, ती मद्रासला आली: बीव्हर, हिप्पो, नंतर टस्कर. कॉमेट तेवढा आकाशातला. आणि 'अशोक' म्हणजे सम्राट नव्हे. रघुनंदन सरन यांनी १९४८ मध्ये मुलाच्या नावाने अशोक मोटर्स काढली होती.

फोटोत डॉज किंवा फार्गो दिसला तर गाडी बहुधा कुर्ल्याच्या प्रीमियरची. वालचंद हिराचंदांचा कारखाना, क्रायस्लरशी करार. डॉज, फार्गो, डी सोटो ही एकाच घरची भावंडं. ट्रक तोच, बिल्ला वेगळा. तरी "आमची फार्गो डॉजपेक्षा भारी" म्हणून भांडणारे दोन चुलतभाऊ माझ्या दुकानात येऊन गेलेत. दोघांना एकच पार्ट दिला.

फोटोच्या मागे कुणी पेनाने 'आपला टेम्पो' लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. १९५८ मध्ये बजाज टेम्पो निघाली आणि पुढे आपण माल वाहणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीला टेम्पोच म्हणू लागलो. सरळ चाकं मोजा. पुढे एकच चाक आणि त्यावर लांब नाक असेल, तर ती हॅन्सियट, म्हणजे टेम्पोची तीनचाकी, असण्याची दाट शक्यता.