पहिली वेलांटी सुटेना? मुलांना अक्षरं आणि शब्द शिकवण्याची घरगुती पद्धत

इंदुरातलं मराठी घरातलं मूल पहिलीत जाईपर्यंत क, म, र शाळेतून शिकूनच येतं, हिंदीच्या तासाला. तरीही आईबाप 'अ अननसाचा' लिहिलेला तक्ता आणतात आणि भिंतीवर चिकटवतात. तो तक्ता मूल दोन दिवस बघतं, नंतर त्याच्यावर पाल बसते. तुमचं काम पुढचं आहे. आलेल्या अक्षरांतून मराठी शब्द उभे करायचे, आणि हिंदीत नसलेलं तेवढं वेगळं शिकवायचं.

सामान घरातच असतं: जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे, जाड मार्कर, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण, वाटीभर चिंचोके.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नका. गमभनपासून सुरुवात करा. ग, म, भ, न या चौघांनाही उजवीकडे उभी रेघ आहे, हाताला एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं, आणि पहिल्याच बैठकीत 'मन', 'मग', 'नग', 'गगन' वाचता येतं. र, स, ख जोडले की गरम, नरम, रस, नख, मगर. एकही काना-मात्रा न शिकता मूल 'गरम' लिहून पोह्यांच्या बशीजवळ चिठ्ठी ठेवतं, यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. बाराखडी घोकायला लावणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. कं कः पर्यंत सुरात म्हणणारं मूल 'की' एकटं समोर आलं की गप्प बसतं.

फरशीवर खडूने मोठं अक्षर काढा, त्यावर चिंचोके मांडू द्या. घरात तोंडात सगळं घालणारं धाकटं भावंड असेल तर चिंचोके नकोत, ताटात रवा पसरून बोटाने गिरवू द्या.

ळ मात्र वेगळा बसून शिकवावा लागतो, कारण शाळेच्या हिंदीत तो नाही. जोड्यांची चित्रं काढा: गाल आणि गाळ, माल आणि माळ, वेल आणि वेळ. तुम्ही शब्द म्हणा, मुलाने चित्र उचलायचं. आधी कानाला फरक कळू द्या, लिहिणं दोन दिवसांनी. ल आणि श यांची वळणं हिंदीच्या पुस्तकात वेगळी दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या 2022 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. घरी तसे काढा, शाळेच्या वहीत बाईंना हवे तसे. मुलांना दोन्ही जमतात, गोंधळ मोठ्यांचाच होतो.

आता पहिली वेलांटी. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं इथेच अडतात, आणि माझीही सगळ्यात जास्त दमछाक इथेच झाली आहे.

अडचण समजून घ्या. काना अक्षरानंतर येतो, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, दुसरी वेलांटी उजवीकडे. पहिली वेलांटी एकटीच अक्षराच्या आधी दिसते आणि ऐकू मात्र नंतर येते. मूल 'दिवा' ऐकतं, आधी द लिहितं, मग इ ऐकू आली म्हणून वेलांटी काढतं, आणि ती द ला न लागता व च्या गळ्यात पडते. मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितंय. त्याला 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून ओरडणं हा अन्याय आहे.

सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे 'वेलांटी आधी काढ, मग अक्षर'. हा मला अजिबात मान्य नाही. जो आवाज अजून तोंडातून निघालाच नाही तो आधी लिहायला सांगताय तुम्ही. माझा क्रम असा: द च्या डावीकडे एक बोट जागा सोडायची, द काढायचा, मग मागे येऊन वेलांटी. जागा सोडायला विसरलं तर पान बदला, त्याच ओळीत कोंबू देऊ नका.

ही सवय हातात बसवायला ते पारदर्शक झाकण. त्याच्या दोन पट्ट्या कापा आणि कडा कात्रीने गोल करा, त्या बोचतात. एकीवर पहिली वेलांटी, दुसरीवर दुसरी. लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर द लिहून ते कार्ड मधे ठेवा. पहिलीची पट्टी कार्डावरून डावीकडे सरकवत न्यायची आणि जागेवर बसली की मोठ्याने 'दि'. दुसरीची पट्टी उजवीकडे, 'दी'. मग हीच गंमत च, प, भ वर. हात डावीकडे की उजवीकडे, एवढंच लक्षात राहिलं पाहिजे. शाळेत 'छोटी इ' म्हणतात म्हणून नावावरून वाद घालू नका.

ऱ्हस्व-दीर्घ कानाने शिकवायचा प्रयत्नही करू नका. 'लांबव, लांब वाटली की दुसरी' असं सांगितलं की मूल सगळंच लांबवतं, अगदी 'दीऽऽवा'. त्यापेक्षा जागा दाखवा. चिमणी, पिशवी, गिरणी: शेवटच्या अक्षराला दुसरी. 1962 च्या शुद्धलेखन नियमांतही हेच आहे, 'आणि', 'नि' असे थोडे अपवाद सोडून. हिंदीच्या पुस्तकात 'कवि' असतं, आपल्याकडे 'कवी'. विचारलं तर सांगा, विचारलं नाही तर राहू द्या. 'विहीर' हा माझा आवडता शब्द, त्यात दोन्ही पट्ट्या लागतात. पुढे शेपटीचा खेळ: मीठ, पण मिठात. वीट, पण विटा. जीभ, पण जिभेवर. शेपटी लागली की मुलाने पट्टी बदलायची. याला महिना लागला तरी चालेल.

सरावाला सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. पाट्यांवर शिकंजी, जलेबी, गराडू, भुट्टे का कीस, सगळं काही वाचायला मिळतं. 'शिकंजी'त पहिली कुठे, दुसरी कुठे, ते शोधल्याशिवाय ग्लास हातात द्यायचा नाही. मात्र लवकर जा, साडेदहाला पेंगणारं मूल वेलांटी शोधत नाही. हिंदी पाटीवर ड खाली टिंब दिसेल, ते मराठीत लावत नाही, एवढं एकदा सांगा.

'चाक' आणि 'चार' यांतला च वेगळा ऐकू येतो, पण लिहायचा एकच, म्हणून तिथे थांबू नका. जोडाक्षरं वेलांटी सुटल्यावर, सुरुवात मुलाच्या किंवा आत्या-मामाच्या नावात असेल त्या जोडाक्षरापासून. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्या सगळ्यात शेवटी, दुसरीत गेल्यावर.